पावणेचार मिलिसेकंदांचा हिशेब

इंजिन मिनिटाला ८००० फेरे मारत असेल, तर एका फेऱ्याला साडेसात मिलिसेकंद मिळतात. माझदा आरएक्स-७ या गाडीच्या रोटरी इंजिनात तेवढेही पुरते हाती लागत नाहीत. १९९१ च्या डिसेंबरात जपानी बाजारात आलेल्या तिच्या तिसऱ्या पिढीला चाहते ‘एफडी’ म्हणतात. या एफडीत दोन्ही रोटरांच्या मुख्य प्लगांना मिळून एकच कॉइल दिलेली आहे आणि ती दर अर्ध्या फेऱ्याला ठिणगी टाकते. म्हणजे उरले पावणेचार मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइलने बॅटरीकडून वीज घ्यायची, साठवायची, हजारो व्होल्टांवर चढवून प्लगच्या टोकाशी सोडायची आणि पुन्हा भरायला लागायचं. सेकंदाला सुमारे २६७ वेळा.

कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाच्या २५५ अश्वशक्तीला हा हिशेब नीट जमत होता. पण एफडी घेणारे लोक कारखान्याच्या आकड्यावर थांबत नाहीत. मूळचे दोन छोटे टर्बो काढून एक मोठा टर्बो बसवतात, बूस्ट दुपटीच्या आसपास नेतात आणि १३०८ सीसीच्या इंजिनातून ५०० अश्वशक्ती मागतात. त्या दिवसापासून पावणेचार मिलिसेकंद अपुरे पडू लागतात. गाडी ६००० फेऱ्यांच्या पुढे मिसिंग मारायला लागते, मागून फटाक्यांसारखे आवाज येतात आणि मालक इग्निशन बदलायला निघतो.

इग्निशन बदलल्याने गाडीची ताकद वाढते, असं सुट्या भागांच्या जाहिराती सांगतात. माझ्या पाहण्यात तसं होत नाही. ताकद येते ती टर्बोने कोंबलेल्या हवेतून आणि तिच्यासोबत दिलेल्या इंधनातून. ठिणगीचं काम एवढंच, की ते सगळं दर खेपेला, ठरल्या क्षणी, न चुकता पेटलं पाहिजे. हे साधं वाटणारं काम रोटरी इंजिनात इतकं अवघड का, आणि ते सुधारताना लोक पैसे चुकीच्या जागी का घालतात, हे मला समजून घ्यायचं होतं.

आपल्याकडे माझदा हे नाव पोचलं ते स्वराज माझदाच्या टेंपोवरून आणि शाळेच्या बसवरून. रोटरी माझदा भारतात अधिकृतपणे कधी विकायला आली नाही, त्यामुळे हे इंजिन उघडून पाहिलेला मेकॅनिक आपल्याकडे विरळाच. फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाची ही कल्पना. १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत त्याचं पहिलं इंजिन चाललं. १९६१ मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, परवाना घेतला आणि केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांची तुकडी कामाला लावली. रोटरच्या कोपऱ्यावरची सीलं भिंतीवर ओरखडे काढत. कारखान्यात त्या ओरखड्यांना ‘सैतानाची नखं’ म्हणत. त्यातून वाट काढून १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली, तीही रोटरमागे दोन प्लग घेऊन.

दोन प्लग का, हे कळायला इंजिनाच्या आत डोकवावं लागतं. मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत तीन कोपऱ्यांचा एक जाड बिडाचा रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. फिरता फिरता ते लहान-मोठे होतात. हवा ओढणं, दाबणं, पेटणं, धूर बाहेर टाकणं हा क्रम नेहमीचाच. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो आणि त्या एका फेऱ्यात तिन्ही बाजू एकेकदा पेटतात. म्हणजे शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये एकदा जाळ. आपल्या नेहमीच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरच्या प्लगला दोन फेऱ्यांत एकदाच काम असतं. रोटरीच्या प्लगला दुप्पट.

शिवाय त्याला उसंत नाही. पिस्टन इंजिनात जिथे जाळ होतो तिथेच पुढे ताजी, गार हवाही आत येते आणि प्लग थोडा निवतो. रोटरीत हवा पोकळीच्या एका अंगाला आत येते आणि पेटते दुसऱ्या अंगाला. प्लग बसवलेली बाजू जन्मभर तापलेली. त्यातच कोपऱ्याची सीलं वंगणावाचून झिजू नयेत म्हणून एक छोटा पंप मुद्दाम तेल आत सोडत असतो. ते तेल पेट्रोलबरोबर जळतं आणि प्लगवर बसतं. प्लग पोकळीत डोकावूही शकत नाही, नाहीतर फिरतं सील त्याला धडकेल. तो भिंतीत खोल दडवलेला असतो आणि एका भोकातून ज्वाला बाहेर फेकतो.

आता जाळ होणारा कप्पा पाहा. लांब, पातळ आणि शिवाय सरकता. आतला वायू रोटरबरोबर पुढे ढकलला जातो, ज्वालाही त्याच्यासोबत पुढे धावते आणि मागचं टोक न पेटता राहतं. म्हणून एक प्लग पुढे, त्याला लीडिंग म्हणतात, आणि एक मागे, तो ट्रेलिंग. इंजिनाकडे पाहिलं तर लीडिंग खाली असतो, ट्रेलिंग वर. लीडिंग आधी पेटतो, त्यानंतर साधारण १० ते १५ अंशांनी ट्रेलिंग. या फरकाला ट्यूनर लोक स्प्लिट म्हणतात. ट्रेलिंगचं भोक लीडिंगपेक्षा बरंच लहान ठेवलेलं असतं. सील त्या भोकावरून सरकतं तेव्हा त्याच्या पुढच्या आणि मागच्या कप्प्यांमधल्या दाबात मोठी तफावत असते. भोक मोठं ठेवलं तर वायू तिथून निसटेल.

ट्रेलिंगमुळे ताकद फारशी वाढत नाही, म्हणून नुसत्या लीडिंगवर पैसे घालावेत आणि ट्रेलिंग आहे तसा सोडावा, असा सल्ला देणारे ट्यूनर आहेत. मला तो पटत नाही. लीडिंग एखाद्या खेपेला चुकला तर त्या कप्प्याला दुसरा आधार ट्रेलिंगचाच असतो.

माझदाच्या इंजिनिअरांनी एफडीत जी रचना केली तिच्यात विचार होता. दोन्ही लीडिंग प्लगांना एक कॉइल. ती पेटली की दोन्ही रोटरांत एकदम ठिणगी पडते. एकातली कामाची, दुसऱ्यातली वाया. लीडिंगची वाया जाणारी ठिणगी जळून गेलेल्या वायूत पडते, तिच्याने काही बिघडत नाही. ट्रेलिंगला असं चालत नाही, कारण त्याची अवेळी ठिणगी मागून येणाऱ्या कप्प्यातल्या ताज्या मिश्रणाला आधीच पेटवू शकते. म्हणून ट्रेलिंगला दोन स्वतंत्र कॉइल. एकूण तीन कॉइल आणि त्यांना चालवणारा एक इग्नायटर. सर्वांत महत्त्वाच्या प्लगांची कॉइल सर्वांत जास्त राबते, हा या रचनेतला कच्चा दुवा.

कॉइल भरते म्हणजे काय? तिच्या आतल्या तारेतून वीज वाहू लागते आणि हळूहळू वाढत जाते. साठलेली ऊर्जा त्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भरायला वेळ निम्मा मिळाला, प्रवाह निम्म्यावर आला, तर ऊर्जा निम्मी उरत नाही, पाव उरते. पोहरा विहिरीत नीट बुडायच्या आधीच वर ओढावा, तशी गत. आणि ही तूट नेमकी जास्त फेऱ्यांवर येते, जिथे टर्बोने कप्पा गच्च भरलेला असतो.

गच्च भरण्याचा त्रास वेगळाच. दोन टोकांमधल्या वायूतून वीज उडी मारायला किती व्होल्ट लागतील हे वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. फ्रिड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हे दाखवून दिलं, तेव्हा मोटारगाडी नुकती कुठे जन्माला आली होती. इंजिनातल्या दाबांना हा नियम ढोबळपणे असा लागू होतो: १ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाबाने हवा आत. दाबल्यावर कप्प्यातला दाबही जवळपास दुप्पट. मग ठिणगीला लागणारे व्होल्टही त्याच मानाने चढतात. सुरुवातीच्या उडीतच कॉइलची बरीचशी शिदोरी संपली, तर ठिणगी पडते पण टिकत नाही, आणि वायूच्या झोतात विझते. थोडक्यात, बूस्ट वाढला की ठिणगीची मागणी वाढते आणि फेरे वाढले की पुरवठा कमी होतो. ही कात्री जिथे मिटते, तिथे गाडी अडखळते.

हे सगळं मी कागदावर मांडलं होतं. ते प्रत्यक्ष पाहायला मिळालं ऑकलंडच्या पेनरोज या कारखान्यांच्या भागात, एका छोट्या वर्कशॉपमध्ये. न्यूझीलंडमध्ये जपानहून जुन्या गाड्या जहाजं भरभरून आल्या. दोन्ही देशांत स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे काही बदलायची गरज नव्हती. त्या लाटेबरोबर रोटरीही आली आणि तिथल्या पोरांनी ती आपलीशी केली. ड्रिफ्टिंगमधला माइक व्हिडेट याच मातीतला. वर्कशॉपचा चालक मात्र आपला, कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांच्या लेथशेजारी वाढलेला. नाव छापायचं नाही, अशी त्याची अट आहे.

ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डायनोवर, काळी एफडी चढवलेली होती. चाकं काढून हब थेट यंत्राला जोडले होते. डायनापॅक नावाचं हे यंत्र न्यूझीलंडमध्येच बनतं. गाडीला एकच मोठा टर्बो, बूस्ट १.३ बार, इंजिन चालवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, क्राइस्टचर्चच्या लिंक कंपनीचा, इग्निशन अजून मूळचं. त्याने गाडी खेचली. ५००० पर्यंत आलेखाची रेघ नितळ चढली, ६००० च्या पुढे तिचे दात निघाले. धुराड्यातून धडाधड आवाज. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा मीटर नेमक्या त्या जागी दाखवत होता की पेट्रोल कमी पडतंय.

शेजारी उभा असलेला मालक म्हणाला, इंधन वाढव. कोल्हापूरकराने मान हलवली आणि माझ्याकडे वळून मराठीत सांगायला लागला, “दादा, ह्या मीटरला फक्त ऑक्सिजन दिसतोय. ठिणगी चुकली की पेट्रोल न जळता भाईर पडतंय, पर त्याच्या संगट ऑक्सिजनबी न जळता भाईर पडतोय. मीटर म्हणतंय, पेट्रोल कमी हाय. आता हितं पेट्रोल वाढवलं, की हाय ती ठिणगीबी विझणार.”

हा घोटाळा किती इंजिनं खात असेल, याचा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. मिसफायर आणि कमी इंधन यांची लक्षणं त्या मीटरवर सारखीच उमटतात. एकावरचा उपाय दुसऱ्याला घातक.

त्यानंतर त्याने जे केलं ते पाहून मालक चक्रावला. नव्या कॉइलचा खोका फोडण्याऐवजी त्याने मल्टिमीटर काढला. एक टोक जुन्या लीडिंग कॉइलच्या वीज येणाऱ्या पिनेवर, दुसरं इंजिनाच्या धातूवर. गाडी पुन्हा खेचली. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, कॉइलवर ११.६. मधले सव्वादोन व्होल्ट तीस वर्षं जुन्या वायरीत, काळ्या पडलेल्या जोडांत आणि इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कांत गळत होते. व्होल्ट १७ टक्क्यांनी कमी म्हणजे तेवढ्याच वेळात भरणारा प्रवाहही साधारण तितकाच कमी, आणि वर्गाचा हिशेब लावला तर ऊर्जा ३० टक्क्यांनी खाली. नवी, महागडी कॉइल याच वायरीला जोडली असती तर तिलाही उपाशीच राहावं लागलं असतं. उलट जास्त, कारण मोठ्या कॉइलला प्रवाहही जास्त लागतो.

“नुसती कॉइल बदलून काय हुतंय?” तो म्हणाला आणि वायर कापायला घेतली.

कॉइल निवडण्यावर मात्र रोटरीच्या जगात जुना वाद आहे. एक पंथ सीडीआयवाल्यांचा. यात कॉइल भरत बसायची गरज नसते. एक कपॅसिटर चार-पाचशे व्होल्टांना झटकन भरतो आणि तो साठा एकदम कॉइलमध्ये ओततो. व्होल्ट इतक्या वेगाने चढतात की तेलाने माखलेल्या प्लगवरून वीज झिरपून जायच्या आतच ठिणगी पडते. तेल पिणाऱ्या इंजिनाला हा गुण फार मोलाचा. फेरे कितीही वाढले तरी साठा कमी होत नाही. म्हणून अमेरिकेतल्या एमएसडीचे आणि ऑस्ट्रेलियातल्या एमअँडडब्ल्यूचे डबे वर्षानुवर्षं रेसच्या रोटरींमध्ये दिसतात. जपानी ट्यूनरांचा आवडता एचकेएसचा ट्विन पॉवर हा मूळ कॉइल तशाच ठेवून त्यांना जोर देणारा डबा. सीडीआयची उणीव एकच, ठिणगी अगदी क्षणभर टिकते. कमी फेऱ्यांवर, पातळ मिश्रणात ती कमी पडते, म्हणून एमएसडीसारखे डबे साधारण ३००० फेऱ्यांच्या खाली एकाच खेपेला लागोपाठ अनेक ठिणग्या टाकतात.

दुसरा पंथ मोठ्या इंडक्टिव्ह कॉइलवाल्यांचा, आणि गेल्या काही वर्षांत पारडं त्यांच्याकडे झुकलंय. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल, तिच्या पोटातच इग्नायटर, ईसीयूने फक्त ५ व्होल्टांचा इशारा द्यायचा. चार प्लगांना चार कॉइल दिल्या की लीडिंगचे पावणेचार मिलिसेकंद पुन्हा साडेसात होतात. माझ्या मते साऱ्या खटाटोपातला खरा फायदा हाच आहे, ठिणगीला दुप्पट वेळ. या कॉइलांमधली सर्वांत लोकप्रिय आयजीएन-१ए. ती मुळात मर्क्युरीच्या बोटींवरच्या इंजिनांसाठी बनली. सुमारे १०० मिलिजूल ऊर्जा देते आणि भरायला साधारण ३ मिलिसेकंद घेते. साडेसातात तीन सहज बसतात, ठिणगी जळायलाही पुरेसा वेळ उरतो. रस्त्यावर चालणाऱ्या, अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मी हीच वाट सुचवेन.

पेनरोजच्या टेबलावर अशाच चार कॉइल ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ओळीने बसवलेल्या होत्या. प्रत्येकीला पाच पिना: एक विजेची, एक इशाऱ्याची आणि तीन अर्थिंगच्या. तिन्ही अर्थिंग एकत्र वळून कुठेतरी बोल्टखाली दाबले तरी गाडी चालू होते, म्हणून पुष्कळ जण तसंच करतात. त्याने तसं केलं नाही. इशाऱ्याचं अर्थिंग थेट ईसीयूकडे नेलं. ठिणगीच्या परतीच्या वाटेचं अर्थिंग इंजिनावर, जिथे त्याने आधी पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला होता. जड प्रवाहाचं अर्थिंग बॅटरीकडे, वेगळ्या जाड वायरीने. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून कॉइलांना नवी वाट दिली. जुन्या स्विचकडे आता फक्त रिले उघडायचं हलकं काम. ठिणगीच्या हजारो व्होल्टांची वायर शाफ्टच्या सेन्सरच्या वायरीपासून शक्य तितकी लांब ठेवली. त्या सेन्सरवरूनच ईसीयूला शाफ्ट कुठे आहे ते कळतं. तिथे विजेचा गोंगाट शिरला, तर ईसीयूचा अंदाज चुकतो आणि ठिणगी भलत्या क्षणी पडते. प्लगच्या आत रेझिस्टर असतो तोही याच कारणासाठी; तो नसलेले प्लग वापरून थोडी जास्त ठिणगी मिळवायच्या भानगडीत पडू नये.

वायरींना त्याने पांढऱ्या टेपच्या चिठ्ठ्या लावल्या: एल-१, एल-२, टी-१, टी-२. एल लीडिंगचा, टी ट्रेलिंगचा; १ पुढचा रोटर, २ मागचा. हे अतिसावधपणाचं वाटेल. पण रोटरी नुसत्या लीडिंगवर चालू होते, नीट आयडलही करते. टी-१ आणि टी-२ उलटसुलट झाले तर कानाला काही कळत नाही. ट्रेलिंगची ठिणगी अर्धा फेरा चुकीच्या जागी पडत राहते, आणि गाडी बूस्टवर गेली की ताज्या मिश्रणात अवेळी जाळ होतो.

त्या अवेळी जाळाला रोटरीकडे उत्तर नाही. पिस्टन इंजिन थोडाफार नॉक सोसतं. इथे रोटरच्या कोपऱ्यावर उभं असतं २ मिलिमीटर जाडीचं सील. एका जोराच्या तडाख्याने त्याचा कोपरा उडतो. तुटलेला तुकडा भिंतीवर चर पाडत एक्झॉस्टमधून निघतो आणि जाता जाता टर्बोच्या पात्यांवर आदळतो. इंजिन पूर्ण उतरवण्यावाचून इलाज नाही, आणि या इंजिनांचे चांगले हाउसिंग दरवर्षी दुर्मीळ होत चाललेत. म्हणून या कामात ठिणगीच्या जोरापेक्षा तिच्या वेळेची काळजी मला जास्त वाटते.

वेळ चुकायचा आणखी एक मार्ग आहे आणि तो फार कपटी आहे. ईसीयू कॉइलला इशारा देतो म्हणजे आधी ‘भर’ सांगतो आणि मग ‘सोड’. सेटिंगमध्ये हे उलटं पडलं तर भरायला सांगितलेल्या क्षणीच ठिणगी पडते, म्हणजे ३ मिलिसेकंद आधी. गाडी सुरू करताना स्टार्टर इंजिनाला मिनिटाला दोनेकशे फेरे देतो. तेव्हा ३ मिलिसेकंद म्हणजे साडेतीन अंश. इंजिन बिनतक्रार सुरू होतं. ८०० वर आयडल करताना चूक १४ अंशांची, तरीही ते धडधडत राहतं. ६००० वर तीच चूक १०८ अंशांची होते आणि तिथे पोचेपर्यंत सील शिल्लक राहत नाही. काही कॉइलांमध्ये दुसरीच गंमत असते: जास्त वेळ भरत ठेवल्या की जळू नयेत म्हणून त्या आपणहून ठिणगी सोडून मोकळ्या होतात. जोर वाढेल या आशेने भरायचा वेळ वाढवणाऱ्याला ही सुरक्षाच इंजिन फोडून देते.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे, टायमिंग लाइट. एफडीच्या पुढच्या पुलीवर दोन खुणा असतात. पिवळी लीडिंगसाठी, शून्याच्या, म्हणजे कप्पा सर्वांत लहान होतो त्या क्षणाच्या, ५ अंश नंतरची. लाल ट्रेलिंगसाठी, २० अंश नंतरची. होय, आयडलला हे इंजिन शून्य उलटून गेल्यावर पेटवलं जातं. त्याने ईसीयूमध्ये टायमिंग याच आकड्यांवर गोठवलं, लाइटचा चिमटा एल-१ च्या वायरीला लावला आणि पुलीवर उजेड टाकला. पिवळी खूण काट्यासमोर स्थिर. मग त्याने हलकेच रेस देऊन ३००० वर धरलं. खूण जागची हलली नाही. इशारा उलटा असता तर ती खूण फेऱ्यांबरोबर सरकत गेली असती. मग एल-२. मग टी-१ वर लाल खूण, मग टी-२. प्रत्येक वायर, दोन्ही वेगांवर. नव्या कॉइलांच्या किमतीपुढे या लाइटची किंमत किरकोळ आहे, पण हा टप्पा गाळून थेट डायनोवर गेलेल्या गाड्या त्याने पुष्कळ पाहिल्यात.

प्लगांबद्दल थोडक्यात. कारखान्यातून एफडीत लीडिंगला एनजीकेचा ७ नंबरचा आणि ट्रेलिंगला ९ नंबरचा प्लग यायचा. एनजीकेच्या मोजणीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता भराभर बाहेर नेणारा. ५०० अश्वशक्तीला ७ नंबरचं टोक लालबुंद होऊन स्वतःच मिश्रण पेटवू शकतं, म्हणून चारही ठिकाणी ९ किंवा त्याहून थंड. फार थंड घेतला तर शहरात, सिग्नलला थांबत चालताना तेल न जळता साचतं. इथेच जोरकस इग्निशन कामी येतं: मळक्या प्लगवरही ते ठिणगी पाडतं, त्यामुळे थंड प्लग रोज वापरता येतो.

रोटरीने ठिणगीवर सर्वांत जास्त मेहनत कुठे घेतली असेल तर ती ल मान्सला. १९९१ च्या जूनमध्ये चोवीस तासांची ती शर्यत माझदाच्या ७८७बी ने जिंकली. चालक फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो. जिंकणारी ती पहिली जपानी गाडी, आणि रोटरीचा तो तिथला एकमेव विजय. तिच्या आर२६बी इंजिनात चार रोटर होते आणि प्रत्येक रोटरला दोन नव्हे, तीन प्लग. लांब कप्प्याचं मागचं टोकही पुरतं जळावं आणि त्या शर्यतीत मोजून मिळणारं इंधन पुरावं, यासाठी तिसरा. ९००० फेऱ्यांवर १२ प्लग सेकंदाला १८०० ठिणग्या टाकतात. त्या इंजिनाला टर्बो नव्हता. विजय मिळाला तो जास्त हवा कोंबून नव्हे, आत आलेली पुरती जाळून. आर२६बी बद्दल वाचताना मला दरवेळी हेच सर्वांत जास्त भावतं.

आणि या गोष्टीतला एक धागा आपल्या नगरपर्यंत येतो. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे. निशांत या वैमानिकरहित विमानासाठी भारताने स्वतःचं ५५ अश्वशक्तीचं वँकेल इंजिन बनवलं, त्यात काम वाटून घेतलेलं होतं. गाभा आणि भिंतीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा. इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा व्हीआरडीईची. २९ मार्च २००९ रोजी कर्नाटकातल्या कोलारजवळ ते इंजिन घेऊन निशांत उडालं. म्हणजे लांब, पातळ, सरकता कप्पा कसा पेटवायचा हा प्रश्न नगरमध्ये कुणीतरी सोडवलेला आहे. मराठीत त्यावर काही लिहून आलेलं माझ्या वाचनात नाही, आणि ते यायला हवं.

पेनरोजला संध्याकाळी गाडी पुन्हा खेचली. तोच बूस्ट, तेच इंधन, तेच टायमिंग. दोन्ही आलेख एकावर एक ठेवून त्याने पडद्यावर दाखवले. ५५०० पर्यंत नवी रेघ जुनीवर तंतोतंत बसली होती, एका अश्वशक्तीचाही फरक नाही. ६००० च्या पुढे जुनीचे दात जिथे सुरू होत होते तिथून नवी ८००० पर्यंत नितळ गेली. मीटरचं ‘पेट्रोल कमी’ही गेलं, आणि इंधनाच्या तक्त्याला कुणी हात लावला नव्हता.

मालकाला लगेच १.५ बार हवा होता. कोल्हापूरकराने इंजिन बंद करून चारही प्लग काढायला घेतले. टेबलावर कापड अंथरून त्याने ते चिठ्ठ्यांच्या क्रमाने मांडले आणि टॉर्चच्या उजेडात एकेकाची चिनीमाती पाहिली. तीन जवळपास एकसारखे, फिक्या तपकिरी रंगाचे. एल-२ मात्र काळपट. ठिणगी आता चारही जागी सारखी पडत होती, म्हणजे मागच्या रोटरला पेट्रोल तरी जास्त जात होतं किंवा तेल. आधी इंजेक्टर तपासायचं ठरलं. मागच्या रोटरचे दोन्ही इंजेक्टर काढून त्याने पिशवीत घातले, त्यावर तारीख लिहिली आणि बूस्टचं काम ते तपासून येईपर्यंत थांबवलं.